वेढ्यातलं वाळवंट

बुधवार, १४ मार्च
सकाळ, दुकान उघडून नुकतंच झालंय

प्रिय वहिनी,

डिवचलं की डसणाऱ्या तुझ्या फुरशाचा नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, जेवतो वेळेवर, झोपही लागते. हे तिन्ही तू विचारणारच, म्हणून आधीच उरकून टाकलं. (तिसरं खोटं आहे, ते पुढे.) घरी सगळे बरे असतील. बाबा वर्तमानपत्राशी भांडत असतील, दादा कुणाशीच भांडत नसेल, आणि तू मधे उभी राहून हसू दाबत असशील.

आता ऐक. माझं सगळं बदललं ते पान शहाण्णव संपून सत्त्याण्णव सुरू झालं त्या क्षणी. आणि मजा म्हणजे ते पान मी वाचतच नव्हतो. भलत्याच घरात, भलत्याच खिडकीशी बसून भलत्याच माणसानं वाचलं, आणि त्याचा दणका आमच्या दुकानाच्या दारावर येऊन बसला.

थांब. असं मधूनच सुरू केलं तर तू म्हणशील, झालं, सुटला हा! नीट सांगतो. फोनच करणार होतो, पण तुझं वाक्य आठवलं. "फोनवर तू नुसता तापतोस. पत्र लिही. शाई वाळेपर्यंत तरी डोकं जाग्यावर येतं." तर शाई वाळवत बसलोय.

मी छापखान्यात काम करतो असं तू बाबांना सांगितलंयस. ते निम्मं खरं आहे. छापलेली पुस्तकं म्हातारी झाली की इथे येतात. ग्रंथालयं पाठवतात. कुणाची पाठ मोडलेली, कुणाचे पुठ्ठे गळालेले, कुणाच्या पानांना वाळवीनं जाळीदार नक्षी काढलेली. आम्ही ती आधी उसवतो, जुना सरस खरवडतो, फाटक्या कडांना पातळ कागद लावतो, आणि पुन्हा शिवतो. सोळा पानांची एक घडी असते, तिला फर्मा म्हणायचं. फर्म्यावर फर्मा ठेवून दाभणानं शिवत गेलं की झालं पुस्तक. मग शिकंज्यात दाबायचं, कापडी पाठ, नवे पुठ्ठे. लांबोडकी खोली आहे, एक खिडकी रस्त्यावर, समोर कुलपं दुरुस्त करणारा. दिवसभर चिकटवायच्या खळीचा वास. मला आता तो वास आला नाही तर भूक लागत नाही.

मालकांचे दोन नियम. पहिला: टेबलावर एका वेळी एकच पुस्तक उसवायचं, त्याला पाठ घातल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दुसरा: वाचायचं नाही.

"न्हावी केस कापतो," मालक म्हणतात. "गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चाललंय ते बघत बसला तर कान कापेल."

मालकांनी स्वतः जन्मात एक पुस्तक वाचलेलं नाही. नुसतं बोटाच्या पेरानं पान चाचपतात आणि म्हणतात, "कागद काय होता त्या वेळी! आत काय लिहिलंय त्याला मी काय करू?"

मी दोन्ही नियम मोडले. मोडणारच. वहिनी, तुला कसं सांगू इथे काय काय येतं ते!

कॉलेजमध्ये त्या इतिहासाच्या सरांशी माझं का वाजलं हे तुला पुरतं कधी सांगितलं नाही. सर लढाईची कारणं आणि परिणाम लिहून देत होते. मी उभा राहून विचारलं, "सर, त्या दिवशी सैन्य जेवलं होतं का?" वर्ग हसला. सर म्हणाले, असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत. मी म्हणालो, मग परीक्षाच चुकीची आहे. ते म्हणाले, बाहेर हो. मी झालो. ते तासापुरतं म्हणत होते, मी कायमचा झालो.

आणि इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात एक जुना इतिहास हातात पडला. पुठ्ठे नाहीत, नाव नाही, पण आत लिहिलेलं: "त्या दिवशी सैन्य उपाशी होते. सेनापतीचा उजवा जोडा सापडत नव्हता म्हणून कूच करण्यास उशीर झाला." जोडा, वहिनी! माझ्या प्रश्नाचं उत्तर छापलेलं होतं. माझ्या जन्माआधी कितीतरी वर्षं कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं आणि मी विचारायची वाट बघत ते वाळवीला तोंड देत बसलं होतं. मी दुकानात ओरडलोच. मालकांना वाटलं दाभण टोचलं.

तेव्हापासून सुटलोच मी. इतिहास वाचले, ज्यात दोन्ही बाजू आपणच जिंकलो म्हणतात. एक जुनं नाटक वाचलं, त्यात नायक प्रत्येक अंकात मूर्च्छित पडतो आणि नायिका पाणी शिंपडायचं सोडून त्याला उपदेश करते, समासात कुण्या जुन्या वाचकानं पेन्सिलीनं लिहिलंय, "अहो बाई, पाणी!" एक काव्य वाचलं, त्यातली विरहिणी काठावर उभी राहून पानंच्या पानं विलाप करते, आणि होडीवाला बिचारा तेवढा वेळ वल्हं धरून थांबतो. मी हसून हसून लोळलो आणि शेवटच्या ओळीला, शपथ सांगतो, डोळे भरले. असं कसं होतं? हसता हसता उंबऱ्याला पाय अडकावा तसं.

पण सगळ्यात भारी म्हणजे जुनी प्रवासवर्णनं. तुला शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळलं की कशी कळी खुलते! (नाही म्हणू नकोस.) हे तेच. फक्त शेजार लांबचा, आणि शेजारी कधीच मेलेला, त्यामुळे तो काही लपवतच नाही.

तर झालं असं, की एका गठ्ठ्यात दोन पुस्तकं आली. एकाच आकाराची, एकाच छापखान्याची, दोन्हींचे पुठ्ठे आणि पहिली पानं गायब. एक होतं एका किल्ल्याच्या वेढ्याचा इतिहास. दुसरं एका तांड्याच्या स्वयंपाक्यानं लिहिलेलं वाळवंटाचं वर्णन. हा स्वयंपाकी म्हणजे रत्न आहे. जगातला मोठा राजवाडा बघून येतो आणि लिहितो काय? "वाडा मोठा आहे. विहीर खारट. सरपण महाग." संपला राजवाडा! पण एका खेड्यातल्या म्हातारीनं त्याला न विचारता मूठभर मीठ दिलं, त्यावर अडीच पानं.

मला धीर निघेना. दोन्ही एकदम उसवली. इकडचा एक फर्मा वाचायचा, तिकडचा एक. वाळवंटाचा सातवा फर्मा घेऊन खिडकीशी उभा होतो, तेवढ्यात मालकांची चाहूल लागली. फर्मा पटकन ढिगावर ठेवला आणि शहाण्यासारखा शिवायला बसलो.

भलत्या ढिगावर.

वाळवंटाचा सातवा वेढ्यात गेला आणि वेढ्याचा सातवा वाळवंटात. दोन्हीकडे सत्त्याण्णव ते एकशे बारा. मालकांनी तपासलं, पण ते फक्त आकडे तपासतात. आकडे चोख होते. पुस्तकं ग्रंथालयात गेली.

आणि मग एका दुपारी ती आली.

नाव सांगत नाही. दुकानात तिला सगळे नकाशेवाली म्हणतात, तूही तेच म्हण. भूमापन कचेरीत नकाशे काढते. बोटांना सदा शाई, कानामागे पेन्सिल, आणि बोलताना समोरच्याकडे अशी बघते की याची उंची किती, उतार किती, सगळं मोजतेय. मागच्या पुठ्ठ्याच्या आत आमच्या दुकानाची चिठ्ठी असते, ती बघून शोधत आली होती.

"हे कुणाचं काम?" टेबलावर पुस्तक आपटून तिनं विचारलं.

आपटलं म्हटल्यावर मी तापलोच. "माझं. का? शिलाई उसवली? पानं सुटली? आकडे बघा आधी, ओळीनं आहेत!"

"आकडे ओळीनं आहेत. उंट कुठून आले?"

"कसले उंट?"

तिनं पान शहाण्णव काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "'किल्ल्यातील शेवटची विहीरही आटली. किल्लेदाराने झरोक्यातून पाहिले, तो समोर...'" बोट शेजारच्या पानावर नेलं. "'...वाळूच वाळू. उंटांचे पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते, आणि माझे मोठे पातेले हरवले होते.'"

मालक शिकंज्याचा दांडा धरून तसेच उभे. माझे कान तापले, आणि मी भांडायला तोंड उघडलं, आणि काय झालं माहीत नाही वहिनी, मला हसूच फुटलं. तिलाही. अशी हसली की कानामागची पेन्सिल खळीच्या डब्यात पडली.

"आणा इकडे, दुरुस्त करून देतो," मालक म्हणाले.

"थांबा हो! दुरुस्त नंतर करा," ती म्हणाली. "आधी मला सांगा पुढे काय झालं. मी एकशे तेरावर गेले, तर हौद भरलेत, मुलं एकमेकांवर पाणी उडवतायत, दिंडीदरवाजा बंद, आणि किल्लेदाराची जागा रिकामी. पाणी आलं कुठून? तो गेला कुठे?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. तोच फर्मा वाचायचा राहिला होता.

"भुयार," मी ठोकून दिलं. "चिडून भुयारातून बाहेर पडला असणार. शत्रूच्या पाण्यावर छापा घातला आणि कामी आला."

"टेकडी कातळाची आहे. पान चाळीसवर लिहिलंय. कातळात भुयार कोण खणतं?" तिनं आमच्याच रद्दी पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं किल्ला काढायला सुरुवात केली. नुसत्या वाक्यांवरून! कुठल्या बुरुजावर सकाळचं ऊन पडतं त्यावरून दिशा, कुठून ओढ्याचा आवाज येतो त्यावरून उतार. "उत्तरेला ओढा आहे. रात्री दोर सोडून पाणी ओढलं असणार. आणि दोर तुटला."

"भुयार."

"दोर."

"ग्रंथालयात जा," मालक म्हणाले, "आणि माझं टेबल सोडा."

दुसरं पुस्तक एका निवृत्त पोस्टमास्तरांनी नेलेलं. आम्ही दोघं त्यांच्या घरी. दार उघडलं तर त्यांच्या हातात तेच! बोट मधे घालून उभे.

"चूक?" ते म्हणाले. "कसली चूक? टेकडी उतरल्यावर समोर तोफा निघाल्या तेव्हा मी म्हटलंच, या स्वयंपाक्याचा काही नेम नाही. आयुष्यात इतकं रंगतदार प्रवासवर्णन वाचलं नाही. मधेच उंट गेले आणि वेढा आला! मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं."

"म्हणजे तुम्ही वाचलंय? किल्लेदाराचं काय झालं?"

"सांगू?"

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारची खिडकी उघडली.

पोस्टमास्तर खट. म्हणाले, मुदत संपेपर्यंत पुस्तक देणार नाही. आणि माझं वाळवंट तुमच्याकडे आहे, ते आधी मला पाहिजे. आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवली, एकही फोडून वाचली नाही. आता मला अर्धवट काही चालत नाही.

तर तोड अशी निघाली. रोज कामानंतर त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी तिघांनी बसायचं. ती तिच्या पुस्तकातून वाळवंट वाचणार, मग पोस्टमास्तर त्यांच्या पुस्तकातून वेढा. एका बैठकीला दोन-दोन पानंच. "चवीनं," ते म्हणाले. "डाक एकदम ओतायची नसते."

वहिनी, ते दिवस! मोठ्यानं वाचलेलं ऐकणं म्हणजे काय असतं हे मला ठाऊकच नव्हतं. पोस्टमास्तर इतिहास वाचताना तोफेचा आवाज तोंडानं काढायचे. ती वाळवंट वाचताना शेजारी कागद ठेवून तांड्याचा रस्ता काढायची. एक दिवस थांबली, मागची पानं चाळली, आणि म्हणाली, "हा लबाड आहे. याला भूक लागली की याचे कोस वाढतात. बघ, पोट भरलेलं असलं की मुक्काम जवळ, उपाशी असला की दुप्पट लांब."

मी म्हणालो, "लबाड कसा? उपाशी माणसाला ते लांबच असतं."

तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "हे आम्ही नकाशात कसं दाखवायचं?"

"दाखवू नका. त्यासाठीच तर स्वयंपाक्यानं लिहिलंय."

त्या दिवसापासून ती मला अरे-तुरे करायला लागली.

आता तू पेन उचलून समासात लिहिशील, "अस्सं!" लिही. मी तिला इथवर नुसती एक वाचक म्हणून सांगत आलोय, पण तुला काय, पाकिटाच्या वजनावरून कळतं.

किल्लेदाराचं पान शेवटी आलं. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. मी उतरवून घेतलंय, तसंच देतो:

"दोन प्रहरी किल्लेदाराने कमरेचा पट्टा सोडून तरवारीसह ओट्यावर ठेविला. दिंडी उघडविली. मागे वळून इतकेच म्हणाला, 'माझ्यामागे दार लावून घ्या.' आणि उन्हातून एकटाच चालत शत्रूच्या छावणीत गेला. तेथील सरदाराने विचारिले, 'काय पाहिजे?' किल्लेदार म्हणाला, 'पाणी.' इतके दिवस जो मनुष्य केवळ तोफांनी बोलत आला, त्याच्या तोंडून हा एक शब्द ऐकून सरदार उठून उभा राहिला. त्याने पाण्याच्या पखाली भरवून किल्ल्यात धाडिल्या. किल्लेदारास मात्र ओलीस ठेवून घेतले."

बस्स. भुयार नाही, दोर नाही. तो दारातून गेला. दारातून! भर उन्हात, सगळ्यांच्या देखत.

"तुम्ही दोघंही हरलात," पोस्टमास्तर म्हणाले.

ती हसली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या डोक्यात हे आलं नाही, नाही का? की मागता येतं."

आणि वहिनी, मला तूच आठवलीस. तू नाही का म्हणायचीस, "याला ओरडता येतं, मागता येत नाही. कमी वाढलं तर ताट आपटेल, पण 'वाढ' म्हणणार नाही." आणि दादा हळूच माझ्या ताटात वाढायचा, आणि मी त्याच्यावरही चिडायचो.

मालक आत्ता येऊन गेले. म्हणाले, "पत्र लिहितोयस की पुराण?" मी म्हटलं, दोन्ही.

तिसरं खोटं, ते आता सांगतो. झोप लागत नाही. शनिवारपासून.

शनिवारी तिनं दोन्ही पुस्तकं दुकानात आणून टेबलावर ठेवली. पोस्टमास्तरांची मुदत संपलेली. मग बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली, पुन्हा आत येईना. म्हणाली, "आमची तुकडी बुधवारी निघते. वरच्या पठारावर. तिथला नकाशा इतका जुना आहे की त्यात नदी भलतीकडून वाहते. काम बरेच महिने चालेल."

मी खळ ढवळत होतो. ढवळतच राहिलो.

"काही म्हणायचंय का तुला?" तिनं विचारलं.

कसं आलं तोंडात, देव जाणे. "मी काय म्हणणार? पुस्तकातले प्रवासी बरे. कंटाळा आला की मिटून ठेवता येतात."

तिनं त्या नजरेनं मला मोजलं, आणि या वेळी माप जुळलं नाही असा तिचा चेहरा झाला. मग गेली. कानामागची पेन्सिल पुस्तकांबरोबर आमच्या टेबलावर राहिली. अजून तिथेच आहे, कुणी हलवत नाही. मालकसुद्धा तिच्या कडेकडेनं कागद कापतात.

तेव्हापासून मी आतून कडी लावून बसलोय. विहीर आटली तरी झरोक्यातून बघतोय.

माझं तिच्यावर प्रेम आहे. लिहिलं बघ. शाई पण वाळली.

तिला माझ्याबद्दल काय वाटतं, मला ठाऊक नाही. खरंच नाही. तिला स्वयंपाकी आवडतो, किल्लेदार आवडतो, पोस्टमास्तरांची तोफ आवडते. मी आवडतो की माझ्या हातून झालेली चूक आवडते, देव जाणे. त्या पानावर सरदार "नाही" म्हणू शकला असता, हे वाचताना लक्षात येत नाही. किल्लेदाराला मात्र चालताना प्रत्येक पावलाला ते ठाऊक असणार. पुढचं पान त्याच्याकडे नव्हतं ना.

सोमवारी आणि काल मी दोन्ही पुस्तकं पुन्हा उसवून नीट लावली. एका वेळी एक, मालकांच्या नियमानं. वेढा वेढ्यात, वाळवंट वाळवंटात. शिवताना वाईट वाटलं. आता पुढे जो कुणी वाचेल त्याला किल्लेदार झरोक्यातून पाहताना तंबूच दिसतील. कुणी कुणाच्या टेबलावर पुस्तक आपटणार नाही.

मालकांनी आज आकडे तपासले. मग नेहमी करत नाहीत ते केलं. म्हणाले, "शेवटी पाणी कुणी दिलं रे?"

"तुम्ही वाचत नाही ना?"

"वाचत नाही. कानात बोटंही घालत नाही. आठवडाभर तुम्ही दोघं रोज निघण्याआधी या टेबलापाशी तेच बडबडत होता." मी सांगितलं. ऐकून मान हलवली, टोपी उचलली. "भूमापनवाल्यांची गाडी दुपारी सुटते म्हणे. कुलूपवाला सांगत होता. मी चहाला जातोय. तू कुठे गेलास तर दार ओढून घे. वाऱ्यानं खळ वाळते."

आणि गेले. त्यांना काही कळलं नाही ते काय बोलले. माझ्या मात्र अंगावर काटा आला, अजून आहे. हे लिहिताना हात बघ कसा चाललाय, अक्षर घोड्यावर बसलंय!

पण जाण्याआधी दोन मागण्या तुझ्याकडे. हो, मागण्या. हात बसावा म्हणून.

दादा रविवारी कॉलेजच्या फेरप्रवेशाचा अर्ज घेऊन येणार आहे, सही घ्यायला. त्याला येऊ दे. त्याला चहा पाजीन, खळीचा वास देईन, शिलाई दाखवीन, पण सही करणार नाही. चिडून नव्हे. तू त्याला आधी सांगून ठेव, म्हणजे तो दारात उभा राहून खाकरत बसणार नाही. त्याला सांग, तुझा भाऊ शिकतोय. फक्त गुरुजी पुष्कळ आहेत आणि बहुतेक मेलेले आहेत.

दुसरी मोठी आहे. बाबांच्या कपाटावर, सुतळीनं बांधलेलं ते पुस्तक. समुद्रप्रवासाचं. पाठ मोडलीय, पानं सुटतायत, म्हणून ते कुणाला हात लावू देत नाहीत. पण मी पाहिलंय, कधीमधी सुतळी सोडून ओठ हलवत वाचतात, आणि कुणी आलं की पुन्हा बांधतात. ते दादाबरोबर पाठवतील का? मला बांधून द्यायचंय. एका वेळी एकच उसवीन, शपथ. आणि शिवताना वाचीन, तेही सांग, लपवू नकोस. कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत आणि मी त्यांच्याशी नाही. कोण आधी बोलणार म्हणून दोघंही कडी लावून बसलोय. तर मी बोलतो. बाबांना सांग, मुलगा मागतोय. मागतोय असंच म्हण, दुसरा शब्द घालू नकोस.

समोरचा कुलूपवाला किल्ल्या हलवत माझ्याकडे बघतोय. ऊन पायरीवर आलं. दोन प्रहर व्हायला आलेत.

हातात काहीतरी न्यावं असं मघापासून वाटत होतं. तिची पेन्सिल परत द्यायला आलो म्हणावं. किंवा वेढा दाखवायला, बघ, नीट लावला. उचललीही होती दोन्ही. आता परत ठेवली. किल्लेदारानं पट्टा ओट्यावर ठेवला. मी माझी निमित्तं टेबलावर ठेवतो. रिकाम्या हातानं जातो.

काय म्हणायचं तेही ठरलंय. एकच वाक्य आहे. तुलासुद्धा सांगत नाही, रागावू नकोस. त्याच्यावर पहिला हक्क तिचा. ती "नाही" म्हणाली तर परत येईन, खळ झाकलेली असेल, काम करीन. "हो" म्हणाली तरी परत येईन; तिला पठार मोजायचंय, मला बाबांची पाठ शिवायचीय. पण मधला तो उन्हाचा रस्ता मला चालून बघायचाय. या सगळ्या जुन्या मंडळींनी माझ्या कानाशी लागून शेवटी एवढंच तर सांगितलं.

पत्र वाटेतल्या पेटीत टाकतो. माझ्यामागे दार लावायला इथे कुणी नाही. मीच बाहेरून ओढून घेतो.

निघालो.

तुझा,
आज ताट न आपटणारा
फुरसं